खोक्याची पाठ

विनू,

तुझ्या जाण्याने मीरा-भाईंदरच्या संगीतविश्वात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.

हे वाक्य माझं नाही. जेसल पार्कातल्या तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली, तिथे अध्यक्षांनी ते खिशातल्या कागदावरून वाचलं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथे तू असतास तर वाकून माझ्या कानात विचारलं असतंस, "किती लिटरची, भावोजी?" कारण पोकळी ही तुझ्या लेखी शोक करायची गोष्टच नव्हती. ती लांबी, रुंदी आणि खोलीचा गुणाकार होता, आणि त्यातून स्पीकरच्या चुंबकाने अडवलेली जागा वजा करायला लोक विसरतात, अशी तुझी कायमची तक्रार होती.

शिवाय मीरा-भाईंदरला संगीतविश्व आहे, ही बातमी तुलाही नवीन असती. आपल्याला एवढंच ठाऊक होतं की इथे बऱ्याच इमारतींत कुणीतरी गिटार विकत घेतो आणि त्याच्या खालच्या मजल्यावरचा माणूस सेक्रेटरीला भेटायला जातो.

अध्यक्ष पुढे काय म्हणाले ते कुणालाच नीट कळलं नाही. हॉलचे दोन स्पीकर छतालगत, एकमेकांकडे तोंड करून लावलेत. खाली बसलेल्यांशी त्यांचा संबंध नाही. तू कमिटीला याबद्दल अनेकदा सांगितलं होतंस आणि कमिटीने ते नोंदवून घेतलं होतं. तुझ्या भिंतीपलीकडचे किरीटभाई मात्र माइक बाजूला ठेवून बोलले. "विनायकभाई का डब्बा बहुत अच्छा था," ते म्हणाले. "मेरी दीवार भी अच्छी थी." हसावं की नाही ते लोकांना कळेना. किरीटभाई खाली बसले, चष्मा काढला आणि सभा संपेपर्यंत तो पुसत राहिले. त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं भाषण तेच होतं.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं. तुझ्याविषयी बोलायचं तर तुझ्याशीच बोलावं लागतं, कारण मध्येच "चूक" म्हणणारं कुणी नसेल तर मला वाक्य पुढे नेता येत नाही. म्हणून हे लिहितोय.

मी तुझ्या ताईचा नवरा. त्यामुळे तू मला तुम्ही म्हणायचास आणि त्या आदराच्या आडून वाटेल ते ऐकवायचास. "भावोजी, तुम्हाला कान आहेत, पण तुम्ही ते चष्मा अडकवायला वापरता," हे तू आमच्या बेव्हर्ली पार्कातल्या घरी, मी केलेला चहा पीत म्हणालास. मी गिटार वाजवतो असं म्हणणं धाडसाचं होईल. माझ्याकडे गिटार आहे. निवृत्त झाल्यावर घेतली. नोकरीभर लोकांच्या हस्तलिखितांतली विशेषणं कापण्याचं काम केल्यामुळे आवाजाला उबदार, मखमली, पारदर्शक म्हणणाऱ्यांचा मला पहिल्यापासून संशय होता. तेवढ्यावर आपलं जमलं. कुणी गिऱ्हाईक "साउंड थोडा वॉर्म हवा" म्हणालं की तू त्याला विचारायचास, "मग पंखा बंद करू का?"

दिवसा विमा कंपनी आणि सुट्टीच्या दिवशी भाईंदर पूर्वेचा तो गाळा. गिटारच्या स्पीकरसाठी तू लाकडी कॅबिनेटं करायचास. मी त्यांना खोकं म्हणायचो आणि तू चिडायचास. गोंदाचा वास, कानामागे पेन्सिल, आणि प्रत्येक फळीवर आधी बोटाच्या पेराने टकटक करून मगच तिला करवत लावायची तुझी रीत. प्लायची फळी निवडताना तू कान असा जवळ न्यायचास की दुकानदाराला वाटायचं, ती काहीतरी गुपित सांगतेय.

या विषयातलं मला जे कळतं ते तू आमच्या डायनिंग टेबलावर शिकवलंस. एक उघडा स्पीकर टेबलावर ठेवून तू माझी गिटार त्यातून वाजवलीस. मच्छर गुणगुणल्यासारखा आवाज आला. मग तू ताईच्या नव्या मिक्सरचं पुठ्ठ्याचं खोकं घेतलंस, सुरीने त्याला गोल भोक पाडलंस आणि स्पीकर त्यात बसवलास. तीच गिटार, तोच स्पीकर, आणि आवाजाला एकदम पोट आलं. मी थक्क झालो. ताई म्हणाली, "गॅरंटी कार्ड आत होतं ना त्याच्यात?"

तू समजावलंस ते असं. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढच्या हवेला ढकलतो आणि त्याच क्षणी मागच्या हवेला ओढतो. एकाच स्वराच्या दोन उलट्या आवृत्त्या एकदम निघतात, एक पुढे, एक मागे. स्पीकर उघडा असला तर त्या कडेने वळून एकमेकींना गाठतात आणि खालचे, जाड स्वर परस्पर रद्द होतात. खोकं म्हणजे मुळात या दोघींच्या मध्ये उभं केलेलं लाकूड. मी म्हणालो, "म्हणजे मध्यस्थ." तू म्हणालास, "मध्यस्थ दोघांचं ऐकतो. हे कुणाचंच ऐकत नाही, म्हणून उपयोगाचं."

आणि इथून आपला वाद सुरू झाला, जो अजून संपलेला नाही. खोक्याची पाठ बंद असावी की उघडी?

माझ्यासाठी केलेल्या खोक्याची पाठ तू उघडी ठेवलीस ती मी हट्ट धरला म्हणून. आमच्या हॉलमध्ये ते भिंतीला जरा अंतर सोडून ठेवलं की मागून निघालेला आवाज भिंतीवर आपटून थोड्या उशिराने पुढच्याला येऊन मिळायचा आणि सगळी खोली भरल्यासारखी वाटायची. मला तो आवाज फार आवडला. तू कपाळाला आठ्या घालून उभा होतास.

"हा आवाज भिंतीचा आहे, भावोजी. बॉक्सचा नाही."

"भिंत माझीच आहे."

"तुमचा आवाज घरभर फिरतो. रिटायर माणसासारखा. त्याला कुठे जायचंय ते त्यालाच माहीत नाही."

तुझं म्हणणं, पाठ बंद हवी. मागची हवा कोंडली की ती स्प्रिंगसारखी पडद्याला आवरते, आवाज घट्ट होतो आणि सरळ समोर जातो. मी म्हणालो, फारच सरळ जातो. तुझ्या बंद खोक्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्यांना उत्तम ऐकू येतं. तू "चूक" म्हणालास. पुढच्या वेळी मी गाळ्यात आलो तेव्हा खोक्यांना तिरपे पाय होते, तोंड वर करणारे. गुडघ्यांचा विषय मात्र तू काढला नाहीस आणि मीही काढला नाही. आपल्यात शरणागतीची हीच पद्धत होती: काम करायचं, कबूल करायचं नाही.

तुझं शेवटचं काम रूपेशचं. मुर्ध्याचा रूपेश दिवसा मोबाइलच्या दुकानात बसतो आणि संध्याकाळी गावच्या हळदींत गिटार वाजवतो. तो गाळ्यात आला तेव्हा मी प्लायच्या थप्पीवर बसलो होतो. त्याची मागणी साधी होती. "दादा, मांडवान सगल्यांना आयकू आला पायजे. बाकी मना काय कलत न्हाय." तो गेल्यावर आपण त्या 'सगल्यांना'वर भांडलो. मी म्हणालो, हळदीत लोक काही रांगेत बसत नाहीत. चहूबाजूंनी नाचतात, खातात, फिरतात. बंद पाठीचा आवाज फक्त समोरच्यांना मिळेल. पाठ उघडी ठेव, चहूकडे जाऊ दे. मी बराच वेळ बोललो. तू पॉलिश पेपर घासत होतास. शेवटी, मान वर न करता म्हणालास, "बघतो, भावोजी."

मला तू कधी 'बघतो' म्हणाला नव्हतास. 'चूक' म्हणायचास. घरी येऊन मी तुझ्या ताईला सांगितलं, "विनूला बरं नाहीये वाटतं." विनोद म्हणून म्हटलं होतं. काही दिवसांनी तो विनोद राहिला नाही.

हॉस्पिटलात विचारता आलं असतं, पाठीचं काय ठरलं म्हणून. पण तुझ्या नाकात नळी होती, आणि ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याशी वाद घालणं मला जमत नाही. मी तुला कँटीनच्या चहाबद्दल सांगितलं. तू डोळ्यांनी हसलास. घरी आलास की विचारू, असं मनात होतं.

तेरावं झाल्यावर स्नेहलने गाळ्याची किल्ली माझ्या हातात दिली. तुझी बायको रडून झाल्यावर फार व्यवहारी होते. "रूपेशचा फोन आला होता. त्याच्या चुलतभावाची हळद आहे. बॉक्स झालाय का म्हणून विचारत होता, पण फार संकोचाने. भावोजी, तुम्ही बघा. शेवटचा आहे विनूचा. विनूला हवा होता तसाच जाऊ दे. कुणी नाव ठेवायला नको."

"पण त्याला कसा हवा होता?"

"ते तुम्हालाच माहीत असणार. तुमच्याशीच तर भांडायचा."

खोकं जवळजवळ तयार होतं. काळं कापड, मुठी, तिरपे पाय, आत स्पीकर बसवलेला. फक्त पाठ लावायची राहिली होती, आणि भिंतीला तीन फळ्या टेकवून ठेवल्या होत्या. दोन रुंद, त्यांना स्क्रूची भोकं पाडलेली. एक वर बसत होती, एक खाली, आणि मध्ये आडवी फट राहत होती. तिसरी फळी अरुंद. लांबी तीच, पण भोकं नव्हती, आणि एका बाजूला तपकिरी सनमायका चिकटवलेला होता. ती मधल्या फटीवर धरून पाहिली. फट झाकली आणि वर-खाली थोडी चढली.

म्हणजे प्रश्न असा होता: तिसरी लावली तर पाठ बंद, म्हणजे तू. नाही लावली तर पाठ मधोमध उघडी, म्हणजे मी. त्या गाळ्यात उभं राहून मला जाणवलं की तू जाता जाता माझं ऐकलंस की नाही, हे या एका फळीवरून ठरणार आहे. आणि मी चुकीचं ठरवलं तर मुर्ध्याचे लोक खोक्याला नावं ठेवतील. माझं नाव त्यावर कुठेच नाही.

ताईला विचारलं. ती म्हणाली, "विनूने तुमचं ऐकलं असेल? त्याने बाबांचं ऐकलं नाही. डॉक्टरचं ऐकलं नाही."

"'बघतो' म्हणाला होता."

"मला तो जन्मभर 'बघतो' म्हणत आला. त्याचा अर्थ नाही असा होतो."

तरीही मी मधली फळी लावली नाही. भोकं नसलेली फळी लावायची नसते, हा तर्क मला पुरेसा वाटला. तर्क आपल्या बाजूचा असला की नेहमीच पुरेसा वाटतो. ताईने तिसरी फळी कापडी पिशवीत घालून माझ्या खांद्याला अडकवली. "घेऊन जा. असू दे." आणि दारातून म्हणाली, "सुतक फिटलंय, पण घरात नुकतंच माणूस गेलंय. लोकांच्या हळदीत पुढे पुढे करू नका. मागे उभे राहा."

म्हणून मी मागे उभा राहिलो. रिक्षातून खोकं उतरवलं, रूपेशने ते स्टेजवर ठेवलं, आणि मी मांडवाच्या मागच्या बाजूला गेलो, जिथे बायका मोठ्या कढईत वडे तळत होत्या आणि पाठीमागे घराची उंच भिंत होती. पाहुणे यायचे होते. रूपेशने वाजवून बघायला सुरुवात केली.

विनू, तो आवाज तू ऐकायला हवा होतास. भरलेला, गोल, भिंतीवर जाऊन परत येणारा, तेलाच्या चुरचुरीवरून सहज वाहणारा. एका म्हाताऱ्या बाईंचा झारा हवेतच राहिला. "काय गोड वाजवतंय गो पोरगा," त्या म्हणाल्या. दुसरीने मान डोलावली. मी हात मागे बांधून उभा होतो आणि मनातल्या मनात तुला चार वाक्यं सुनावत होतो. तुझी ताई म्हणाली तसा मी पुढे पुढे करत नव्हतो. पण मागे उभा राहून जितकं जिंकता येतं तितकं जिंकलो होतो.

तेवढ्यात रूपेश कनातीतून डोकावला. त्याचा चेहरा पडला होता.

"काका, पुढं काय न्हाय. सगला इकडंच येतंय."

"कसं काय? इथे तर उत्तम आहे."

"इथं वडे हाईत. पाव्हणे तिकडं बसनार."

मी पुढे गेलो. समोर मोकळं पटांगण होतं आणि त्यापलीकडे थेट मिठागरं. आवाजाला परत पाठवणारी एकही भिंत नाही. तिथे तुझं खोकं टेबलावरच्या त्या उघड्या स्पीकरची आठवण यावी इतकं बारीक किरकिरत होतं. जाड स्वर मागच्या बाजूला वड्यांवर खर्च होत होते. खुर्च्या लावणारा एक माणूस रूपेशला म्हणाला, "नवीन बॉक्स ना रं? जुनाच बरा व्हता."

ते मला लागलं. स्नेहलने ज्याची भीती घातली होती ते माझ्यासमोर, माझ्या हट्टामुळे घडत होतं. मी पिशवीतून तिसरी फळी काढली. मांडववाल्याकडे ड्रिल होतं. त्याने भोकं पाडली आणि मी फळी मधोमध बसवून स्क्रू पिळले. सनमायका आत की बाहेर, असं रूपेशने विचारलं. मी म्हणालो, "आत. गुळगुळीत पृष्ठभागावर आतला आवाज नीट परततो. विनूने त्याचा विचार केलेला दिसतो." हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की मांडववाल्यानेही मान हलवली. रूपेश हळूच म्हणाला, "दादांचा डोका हो."

मग त्याने वाजवलं. घट्ट, भरीव आवाज सरळ पटांगणाच्या टोकापर्यंत गेला. सुटा सुटा स्वर ऐकू येत होता, आणि खालच्या तारा पायाखालच्या फळ्यांतून जाणवत होत्या. खुर्चीवाला हातातली खुर्ची तशीच धरून ऐकत राहिला. तो कामच करेना. मागून मात्र म्हातारीचा आवाज आला, "बंद केलास काय रं?"

मी खोक्यामागे वाकून स्क्रू तपासत असल्याचं दाखवलं, आणि तिथे, त्या फळीच्या अगदी जवळ तोंड नेऊन, तुला सांगितलं की तू बरोबर होतास. मोकळ्या जागेत पाठ बंदच हवी. आमच्या हॉलपुरता मी अजूनही बरोबर आहे, हेही सांगितलं. मग स्क्रू तपासायला वाजवीपेक्षा जास्त वेळ लागला. लोक समजूतदार असतात. कुणी जवळ आलं नाही.

परतताना मी फार वरच्या पट्टीत विचार करत होतो. तू ती फळी सुटी का ठेवलीस ते मला आता लख्ख कळलं होतं. घरात वाजवायचं तर काढा, पटांगणात वाजवायचं तर लावा. तुझी पाठ आणि माझी पाठ, दोन्ही एकाच खोक्यात. तू वाद जिंकला नव्हतास आणि हरलाही नव्हतास. तू त्याची सोय केली होतीस. तुझ्यासारख्या माणसाकडून मला मिळालेली ही शेवटची भेट, असं एक वाक्यसुद्धा तयार झालं. असली वाक्यं मी आयुष्यभर लोकांच्या लेखांतून कापली, पण हे ठेवायचं ठरवलं.

तसाच जेसल पार्काला उतरलो आणि स्नेहलला सगळं सांगितलं. मिठागरं, म्हातारी, खुर्चीवाला, फळीचा अर्थ. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "त्या फळीला सनमायका होता? अक्रोडाच्या रंगाचा?"

"हो. आतल्या आवाजासाठी."

"ती चपलांच्या स्टँडची वरची फळी आहे, भावोजी. मी किती दिवस मागे लागले होते. रंग मीच निवडला होता. एकाच शीटमधून कापली असेल, प्लाय वाया घालवायचा नाही तो."

म्हणजे विनू, तू पाठ मधोमध उघडीच ठेवली होतीस. भोकं पाडून, पुरी करून. एवढ्या वर्षांत पाठीच्या बाबतीत तू एकदाच आपणहून माझं ऐकलंस, आणि ते ऐकायला नको होतं.

स्नेहल हसायला लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिचे डोळे भरले, मग माझेही, आणि मग तिने उठून चहा टाकला. मला त्या वेळी एवढंच वाटत होतं की 'बघतो' म्हणताना तू खरंच बघत होतास, आणि ते मला तू असताना कळलं असतं तर मी घाबरून माझं मत बदललं असतं.

रूपेशचा फोन आला होता. खोक्याचं हळदीत फार कौतुक झालं म्हणाला. त्याच्या ओळखीच्या दोघांना तसाच बॉक्स हवाय, आतून सनमायका लावलेला. मी त्याला खरं काही सांगितलं नाही, आणि फळी परत मागायची नाही, असं स्नेहलने ठरवलं आहे.

चपला सध्या जमिनीवरच आहेत.